सात नंबरची बिलं

९ जानेवारी

चि. बारक्यास,

अ. उ. आ. आणि पाठीत एक धपाटा, कारण मागच्या पत्राला उत्तर नाही. फोनवर आपलं दोन वाक्यांत भांडण होतं म्हणून पत्रं लिहायची, हे डोकं तुझंच होतं. आता तूच अंग चोरतोस.

तुमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर अखेर आमच्या बिल-विभागात येऊन बसलं. आम्हा सातही जणांच्या टेबलांवर नवे स्क्रीन लागले. इतकी वर्षं पुरवठादाराचं बिल, आपली ऑर्डर आणि गोदामाची मालपोच असे तीन कागद शेजारी ठेवून आम्ही जुळवायचो. आता ते सगळं हेच जुळवतं आणि जिथे अडतं तेवढंच आम्हाला विचारतं. पिवळ्या पट्टीत बिल येतं, खाली दोन बटणं, ‘जुळतं’ आणि ‘जुळत नाही’. दिलेलं उत्तर संध्याकाळपर्यंत कोणीही बदलू शकतं. तुमचं बाळ हुशार आहे, पण प्रश्न फार विचारतं. लहानपणी तूही असाच जीव खायचास.

काळजी मोठ्याबाईंची आहे. तुझी दाढी बघून, हा मुलगा आजारी असतो का, असं ज्यांनी मला हळूच विचारलं होतं, त्या. मला हे काम त्यांनीच शिकवलं. त्यांच्या यजमानांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं आणि तो सगळा खर्च कंपनीच्या विम्यावर चालतो. पुढच्या वर्षी मार्चअखेर त्या वयाने निवृत्त झाल्या की दोघांना तो विमा जन्मभर मिळेल. त्याआधी नोकरी गेली तर विमाही गेला.

आणि त्यांचे डोळे चालले आहेत. कागद नाकाशी धरून वाचता यायचा, स्क्रीन कसा धरणार. तिनाचा आठ दिसतो. डोळ्याचा पडदाच झिजलाय, चष्मा बदलून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑफिसात हे मला एकटीला ठाऊक आहे. म्हणून एवढंच विचारते, कुठलं बटण कोणी दाबलं हे कोणी बघत बसतं का?

दूध उतू जायच्या बेतात आहे, थांबते. लोभ असतो म्हणतोस तर तो वेळेवर उत्तर पाठवून दाखव.

तुझी ताई

२० जानेवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. धपाटा पोचला, पाठ अजून हुळहुळते आहे. मेव्हण्यांना नमस्कार सांग. त्यांची तुझ्यापासून सुटका व्हावी म्हणून मी काही करू शकत नाही, हेही सांग.

मोठ्याबाईंना म्हणावं, निर्धास्त राहा. नोंद सगळ्याचीच होते आणि कुठेतरी साठत राहते, पण ती उघडून बघायला इथे वेळ कोणाला आहे? सॉफ्टवेअर उत्तर बघतं, माणूस बघत नाही. मी ज्या हॉलमध्ये बसतो तिथे कोणी मान वर करून शेजाऱ्याकडेही बघत नाही. एवढ्या खुर्च्या आहेत, पण डबा खायला मी जिन्यात जातो.

माझं म्हणशील तर करार जूनपर्यंत आहे. पुढे कायम करतील की नारळ देतील, सांगता येत नाही. आमच्या रांगेतले दोघे मागच्या महिन्यात गेले. त्यांच्या खुर्च्यांवर आता लोक जॅकेट टाकतात. आईला यातलं काही बोलू नकोस.

तब्येतीला जप. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, बाकी इथे सगळंच पातळ आहे, विशेषतः खानावळीतलं वरण.

तुझा बारक्या

१६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अ. उ. आ. तुझ्या शब्दाने जीव भांड्यात पडला. त्याच भरवशावर मी इथे एक व्यवस्था केली आहे. काय ते विचारू नकोस, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मोठ्याबाईंनाही सांगितलेलं नाही. बाई मानी आहेत, कोणाचे उपकार घ्यायच्या नाहीत. मला घरी निघायला रोज थोडा उशीर होतो, एवढंच त्याचं मोल.

मान हवी तशी वळवता येते असा एक टेबलावरचा दिवा मी त्यांच्यासाठी आणला. घरात पडून होता, अशी थाप मारली. दिव्याने स्क्रीनवरचं काय दिसणार, पण त्यांना बरं वाटलं. परवा साहेबांनी त्यांच्या कामात चूक नसते म्हणून सगळ्यांदेखत कौतुक केलं. डोळ्यांना स्क्रीनची सवय झाली असावी, असं त्या मला म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या दिवशी त्या इतक्या खुशीत होत्या की साहेबांच्या चालीची नक्कल करून दाखवली. सगळा विभाग हसला, साहेब मागे उभे आहेत हे दिसेपर्यंत.

नारळाबिरळाचं मनात आणू नकोस. लहानपणी हरवलेली प्रत्येक वस्तू तूच शोधून काढायचास, तिथेही काहीतरी शोधशील आणि तुला ठेवून घेतील. खानावळ बदल. आणि दाढी काढ.

आहे तो लोभ जतन कर.

तुझी ताई

७ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. आधी बातमी देतो. मला कायम केलं. तुझा आशीर्वाद फळला, कारण मी खरोखरच एक गोष्ट शोधून काढली.

आमच्या ग्राहकांची तक्रार अशी की माणसं उलटसुलट उत्तरं देतात, तर सॉफ्टवेअरने ऐकायचं कोणाचं? मला साठलेल्या नोंदी चाळायला दिल्या. त्यात कंपनीचं नाव नसतं, माणसाचं नसतं, नुसते नंबर. एका ग्राहकाकडे मजा दिसली. सात नंबरवाला दिवसभर उत्तरं देतो आणि संध्याकाळी चार नंबरवाला येऊन त्यातली कितीतरी फिरवतो. रोज, न चुकता. ताळा केला तर चार नंबर जवळजवळ नेहमी बरोबर. मनात आलं, एक ढ दिसतो आणि दुसरा खवट.

त्यावरून मी नियम बसवला. ज्याची उत्तरं वरचेवर फिरवावी लागतात त्याला विचारणं बंद करायचं आणि त्याचा नंबर त्याच्या साहेबांना कळवायचा. जो बरोबर ठरतो त्याच्यापासून शिकायचं. त्याच ग्राहकाकडे चाचणी घेतली, तर एकट्या चार नंबरवर सगळ्या विभागाचं काम निघालं. सातला घरी बसवा आणि चारला पगारवाढ द्या, असं मी मीटिंगमध्ये म्हणालो तर बड्या मंडळींनाही हसू आलं. इथे माझ्या बोलण्यावर पहिल्यांदाच कोणी हसलं.

आईला पेढे दे, माझ्याकडून. मोठ्याबाई बऱ्या आहेत ना? तुझ्या लोभाला आता कायम नोकरीवाला भाऊ आहे, तो वाढायला हरकत नाही.

तुझा बारक्या

१५ एप्रिल

चि. बारक्यास,

आशीर्वाद. कायम झालास, चांगलं झालं. हे मनापासून लिहिते आहे. आईला पेढे दिले.

माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात चार हा आकडा असतो. मोठ्याबाईंच्या स्क्रीनवर सात.

सगळे गेल्यावर मी त्यांची बिलं उघडून चुकलेली नीट करत होते. तीच माझी व्यवस्था. सोमवारी साहेबांनी त्यांना आत बोलावून सात नंबरच्या चुकांचा छापील कागद हातात दिला. त्यांना तो वाचता येईना, तेव्हा साहेबांनीच वाचून दाखवला. तेव्हापासून त्यांच्या स्क्रीनवर सकाळपासून एकच ओळ असते, तपासण्यासाठी काही नाही. त्या वेळेवर येतात, दिवा लावतात आणि त्या ओळीसमोर बसतात.

या महिन्याच्या अखेरीस ठरवणार म्हणतात. तू बसवलेला नियम तुला काढता येत असेल तर काढ, बाबा. कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे.

ताई

२२ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र वाचलं. तसाच उठून आमच्या साहेबांकडे गेलो. नियम चुकला आहे, मागे घ्या, म्हटलं. चूक दाखव, म्हणाले. मी तुम्हा दोघींची हकिकत सांगितली, नावं न घेता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, सात नंबरची उत्तरं चुकत होती की नव्हती? चुकत होती, मी म्हणालो. ते म्हणाले, मग नियम बरोबर आहे. तो आता सगळ्या ग्राहकांकडे गेला आहे. त्यातल्या तुमच्या एका विभागापुरता काढायचा तर तुमच्या कंपनीने लिहून मागायला हवं, आणि ते लोक का मागतील? त्यांचे सहा पगार वाचतात.

हे मला आधी दिसायला हवं होतं. अधू डोळ्यांचं तूच लिहिलं होतंस आणि मी त्या माणसाला ढ म्हणून मोकळा झालो. कोणी बघत नाही असं सांगणाराही मीच. राजीनामा द्यावा असं मनात येतं, पण त्याने तो विमा परत येत नाही.

सोबत मोठ्याबाईंच्या नावाचं बंद पाकीट आहे. त्यात मी सगळं खरं लिहिलं आहे, की तू त्यांना वाचवत होतीस आणि घात माझ्या हातून झाला. निदान तुझ्याबद्दल त्यांच्या मनात काही राहू नये. तेवढं त्यांना पोचव.

तुला लोभ ठेव म्हणायला जीभ रेटत नाही.

बारक्या

१९ मे

चि. बारक्यास,

अ. उ. आ. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, कारण लिहिण्यासारखं काही चांगलं घडेल अशी वाट बघत होते.

महिनाअखेरीला सहाही जणांना निरोप दिला. मला ठेवलं. पगार वाढवला, तू म्हणाला होतास तसाच. आता खोलीत सात टेबलं आहेत आणि मी. मोठ्याबाईंनी जाताना दिवा पुसून, वायर नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला. एवढा नवा दिवा घरात पडून असेल तर असू दे म्हणाल्या. तेव्हाच कळलं, थाप त्यांना पहिल्या दिवशीच कळली होती.

त्या दिवशी जिन्यात गाठून मी त्यांना सगळं सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, चुका सुधारायच्याच होत्या तर मला शेजारी बसवून, माझ्या हाताने करून घ्यायच्या होत्यास. काम शिकवताना मी तुझ्या चुका तुला दाखवत होते की तुझ्या माघारी खोडत होते? ती गोष्ट मला एकदाही सुचली नव्हती. मला वाटलं, मी त्यांचा मान राखते आहे.

यजमानांना आता सरकारी दवाखान्यात नेतात. तिथे आठवड्यातून दोनदाच नंबर लागतो. पावलं सुजलेली असतात, असं त्यांच्या शेजारणीने सांगितलं.

काल तुझं पाकीट घेऊन गेले. मोठ्याबाईंनी दार उघडलं, पाकीट घेतलं, डोळ्यांशी धरलं, उजेडाकडे वळून परत धरलं. माझ्या भावाचं आहे, आत या म्हणालात तर वाचून दाखवते, असं मी म्हटलं. पूर्वी त्यांचे दवाखान्याचे कागद मीच वाचून दाखवायचे. त्यांनी पाकीट माझ्या हातात परत दिलं. तू वाचशील ते बरोबर आहे की चूक, हे मला आता कळायचं नाही, म्हणाल्या. मग दार लावून घेतलं, आवाज न करता.

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावले आहे. माझ्यावर जास्त. पाकीट माझ्या खणात आहे, उघडलेलं नाही. सकाळी स्क्रीन लावला की पिवळी पट्टी येते, आणि मी बटण दाबलं की ते लगेच ऐकतं. पूर्वी शंका आली तर मान वळवून मोठ्याबाईंना विचारायची सवय होती. मान अजून वळते.

राजीनामा देऊ नकोस. आणि लोभाचं लिहायचं टाळू नकोस. दिवसभर माझ्याशी बोलायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

तुझी ताई