खिशातले हात

६ मार्च

ती. सौ. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर भांडण होतं, पत्रात विचार होतो, असं आई म्हणायची. म्हणून कागद घेऊन बसले आहे. ताई, बाबांचं काहीतरी काळंबेरं चाललंय.

जन्मभर नाकासमोर चाललेला आपला बाप या महिन्याअखेरीस शनिवार-रविवार परदेशी निघालाय! तिथे नदीत दिवंगतांच्या नावाने कागदी कंदील सोडण्याचा बौद्धांचा उत्सव असतो म्हणे. आईच्या नावाने एक सोडायचा आहे, असं म्हणतात. मी बरोबर येऊ का विचारलं, तर तुझ्या स्टुडिओची कामं खोळंबतील म्हणाले. पण समोर राहणाऱ्या बालवाडीच्या बाईंची कामं खोळंबत नाहीत, कारण त्या बरोबर जाणार आहेत. निवृत्त आहेत ना!

आता बाकीचं ऐक. पोटच्या पोरीचा फोटो स्टुडिओ असताना बाबांनी पासपोर्टचा फोटो बाजारातल्या दुसऱ्या स्टुडिओत काढला. तो फोटोवालाच मला हसत सांगत होता. नवीन कोट शिवलाय, खोल खिशांचा. त्यात हात घालून असे ऐटीत चालतात की नवरदेव बरा. माझ्याकडे चहा घेत नाहीत, बाईंकडे मात्र रोज जातात. घड्याळाचं दुकानही दुपारीच बंद करतात.

आईला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नाही. तू काय ते सांग.

घरातल्या लहानथोरांना माझी आठवण दे, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हातातली भाजी तशीच राहिली. परीक्षेच्या वर्गावर कॉप्या पकडण्यात माझी हयात गेली, तेव्हा सांगते, जो मुलगा उगाच ऐटीत बसतो त्याच्याच बाहीत कागद असतो. कुठंतरी पाणी मुरतंय खास. मलाही बाबांचं पत्र येईनासं झालंय. दर पंधरवड्याला टपोऱ्या अक्षरात लिहिणारा माणूस हल्ली फोन करतो, आणि बरं आहे, बरं आहे म्हणून ठेवून देतो. मला वाटलं, वयाचा आळस. आता उलगडलं.

तू त्यांना काही विचारू नकोस. लग्नाच्या फोटोंचं काम आहे म्हणून बाहेरगावी जातेस असं सांग, आणि त्याच उत्सवाला जा. लांबचे फोटो काढायचा तुझा तो मोठा कॅमेरा घे. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आरोप करायचा नाही, हा माझा नियम आहे.

तुझ्या यजमानांना यातलं अक्षरही सांगू नकोस. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. जपून जा. तुझी काळजी आहे, आणि रागही तुझ्याएवढाच आला आहे.

तुझी,
ताई

३० मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाहून आले. पाहायला नको होतं.

नदीकाठी ही गर्दी. कागदी कंदील पाण्यावर सोडत होते, आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी एका झाडाच्या आडोशाला उभी होते. एरवी किती छान वाटलं असतं गं! पण माझं सगळं लक्ष त्या कोटावर. तिथे बाबांचे हात खिशात नव्हते. दोन दिवस मी मागावर होते, चारचौघांत उघडपणे बाईंचा हात हातात. आपल्या गल्लीत कधी आईशेजारून चालले होते का ते?

कंदील लावायची वेळ आली तेव्हा बाईंनी सरळ त्यांचं मनगट धरलं. आईच्या नावाचा कंदील, आणि त्यावर हिचा हात! मी तिथेच रडले. नंतर बाबा झाडाच्या दिशेला वळल्यासारखे वाटले, म्हणून पळाले.

दोन फोटो पाठवते आहे. पहिला फुकट गेलाय, त्यात बाबांचा हात हललाय, तो टाकून दे. दुसरा पुराव्याला ठेव. त्यात मनगट धरलेलं लख्ख दिसतं.

लवकर उत्तर लिही. आता मला तुझाच काय तो आधार आहे.

तुझी,
धाकटी

४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

टाकून दे म्हणालीस तो फोटो मी टाकलेला नाही. तोच घेऊन बसले आहे.

तू फोटोवाली आहेस, मी नाही. तेव्हा तूच मला सांग. तुझा कॅमेरा हलला असता तर सगळंच पुसट यायला हवं होतं ना? यात कंदिलाची काडी न् काडी मोजता येते. बाईंचा चष्मा स्पष्ट आहे, बाबांच्या मिशीतला पांढरा केस स्पष्ट आहे. मग एकट्या बाबांचाच हात का हललाय? आणि बाईंनी मनगट धरलेल्या दुसऱ्या फोटोत तोच हात स्थिर कसा?

आता खोल खिसे आठव. तुझ्याकडे न घेतलेला चहा आठव. मला न आलेली पत्रं आठव. कंपवाताने थरथरणाऱ्या हातांनी घड्याळाचा स्क्रू कसा बसेल गं? दुकान दुपारी बंद होणारच.

आपण दोघी पुरावे गोळा करत बसलो. बाबांना मी आजच पत्र टाकलं आहे. त्यात फक्त फोटो आहे, आणि एकच प्रश्न, की आम्हाला का नाही सांगितलंत.

मला फार वाईट वाटतंय. तू रडत बसू नकोस, निदान एकटी तरी नको.

तुझी,
ताई

१५ एप्रिल

चि. थोरली आणि चि. धाकटी,
दोघींना बाबांचे अनेक आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घ्या. मदतीशिवाय लिहितो आहे, म्हणून उशीर झाला.

का नाही सांगितलं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून. घड्याळजीचा हात थरथरतो हे कळलं तर गिऱ्हाईक जाईल, त्याचं दुःख नव्हतं. तुम्ही दोघी मला भरवायला धावाल, याची भीती वाटली. धाकटे, तुझ्या स्टुडिओत तू प्रत्येकाला कॉलरचं बटण लावायला सांगतेस. मला ते लावता येत नाही गं. बाईंना कळलं ते त्यांच्या पायरीवर माझ्या हातून किल्ली तीनदा पडली तेव्हा. बालवाडीत त्यांनी पोरांचे हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, तसा माझाही धरला.

परदेशी गेलो, कारण तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. दोन दिवस हात उघडे ठेवून हिंडलो. आईचा कंदील माझ्याच हाताने लावायचा होता, आणि तो मीच लावला. बाईंनी फक्त मनगट धरलं. त्यांच्या यजमानांचा कंदीलही शेजारीच तरंगत होता.

आता तुम्ही न विचारलेली शंका. ती साफ खोटी नाही. बाई आधी कामापुरता हात धरायच्या. हल्ली काम नसलं तरी धरतात, आणि मी सोडवून घेत नाही. आईची खुर्ची आईचीच राहील. बाई स्वतःची खुर्ची घेऊन येतात.

लोभ कमी करू नका. रागवायचं असेल तर घरी येऊन रागवा, चहा बाई करतील.

आणि धाकटे, झाडामागे तूच होतीस ना? डोळ्यांना काही झालेलं नाही माझ्या. पुढच्या वेळी इतक्या लांबून फोटो काढू नकोस. जवळ ये.

तुमचे,
बाबा