चापटीला गुण नसतो

लोहा,
२९ जानेवारी २०२५

प्रिय अक्का,

शरणार्थ. मी बरी आहे. तू कशी आहेस हे इथं विचारत नाही. ते विचारायलाच तर पत्र लिहून राहिले, आणि पहिल्या ओळीत विचारलं की तू "बरी आहे" म्हणून मोकळी होतेस.

माझं अक्षर बघून हसशील. हस. पत्र सिद्धम्मा मावशीच्या नावावर टाकलंय, दूध घालायला आली की तुझ्या हातात देईल. वाचून होईपर्यंत दाराशी बसते म्हणाली. फोनवर बोलताच येईना. मी केला की दाजी उचलतात, "अंजू कामात आहे, सांगतो." मेसेज टाकला की नुसता अंगठा येतो. तू मला कधी अंगठा पाठवलास का? "जेवलीस का" एवढं विचारायला तुला चार ओळी लागायच्या. तो अंगठा तुझा नव्हे.

माझं सांगते. तेच काम चालू आहे, शाळेतल्या मुलींना स्वसंरक्षण शिकवायचं. एका शाळेत आठवडाभर राहायचं, मग बॅग उचलून पुढची शाळा. देगलूरच्या मुली वार मोजताना तेलुगूत मोजायच्या, ओकटी, रेंडू, मूडू. पहिल्या दिवशी मला वाटलं मलाच काहीतरी बोलून राहिल्यात. अर्धापूरच्या हेडमास्तरांनी ऑफिसात केळीचा घड टांगून ठेवला होता, "मॅडम, लाजू नका," म्हणायचे. मी कशाला लाजते? शेवटी पोट बिघडलं. अव्वा म्हणते, "पायाला चाक लावून जन्मलीस का गं?" बीए सोडलं, पार्लरचा कोर्स सोडला, उदगीरचं ते मोबाईलचं दुकान सोडलं. बॉक्सिंग मात्र मी सोडली नव्हती अक्का. तिनं मला सोडलं.

तुला त्यातलं नीट कधी सांगितलंच नाही. माझा पंजा उघडायचा. ठोसा निघताना मूठ बंद असायची, पण लागेपर्यंत ग्लोव्हजच्या आत बोटं सैल. मग लागायची ती चापट. लातूरचे आमचे रेवणसिद्ध सर सगळ्यांसमोर ओरडायचे, "ए शिवानी, बॉक्सिंग करतीस का भाकरी थापतीस?" पोरं लई हसायची. नांदेडच्या स्पर्धेत समोरच्या पोरीचं तोंड लाल केलं होतं मी, तरी हरले. उघड्या हाताचं काही धरतच नाहीत, उलट रेफरी थांबवून ताकीद देतो. खाली उतरले तर सरांनी टॉवेल दिला आणि म्हणाले, "चापटीला गुण नसतो, पोरी."

आणि आता पोट कशावर भरते, तर त्याच चापटीवर. मुलींना सांगते, मूठ आवळू नका. समोरच्याची कवटी हाडाची, तुमची बोटं काडीसारखी, तुमचीच मोडतील. हातात ग्लोव्हज थोडीच असणार आहेत? तळहाताच्या बुडाची गादी वापरा, हनुवटीखालून वर. हात उघडा पुढं धरला की "थांब" म्हटल्यासारखा दिसतो, समोरच्याला वाटतं ही विनवून राहिली. तेवढ्यात द्यायचा आणि पळायचं. रिंगणात समोरची आपल्याच वजनाची असते, मधे रेफरी असतो, घंटा वाजते. रस्त्यावर यातलं काहीच नसतं. म्हणून जे तिथं बाद ते इथं चालतं. मुली वहीत लिहून घेतात. मला लई शहाणं झाल्यासारखं वाटायचं.

बघ, कुठं निघाले होते आणि कुठं आले. येळवशीचं लिहायचं होतं.

येळवशीच्या अमावस्येला सगळे शेतात होतो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-आंबिलीचं जेवण झालं, सगळे सुस्तावले होते. चुलत्यांच्या वीरेशनं काडी टाकली, "शिवातै, दाखव की तुझी कराटे." मी म्हटलं कराटे नव्हे रे येड्या. तरी उठले. मला उठायला काय लागतं? चुलत्यांच्या पोरींना हात कसा धरायचा ते दाखवलं. मग तुला ओढलं. तू म्हणालीस, "मला नको गं, मला काय करायचंय." मी ऐकलं नाही.

मी हळूच हात फिरवला, तुझ्या गालाच्या दिशेनं. अक्का, वर्गातल्या साऱ्या मुली डोळे मिटतात. नाहीतर मागं सरकतात, नाहीतर दोन्ही हात तोंडावर घेतात. तू डोळे मिटले नाहीस. हात यायच्या आधी तुझा खांदा वर आला, हनुवटी आत गेली, आणि माझा हात ज्या दिशेनं चालला होता त्याच दिशेनं तू मान वळवलीस. वार अंगावरून वाहून गेला. हे शिकायला मला सरांकडं दोन वर्षं लागली होती.

मी टाळ्या वाजवल्या. ओरडले, "बघा बघा, अक्काला न शिकवता येतं!" आणि पुन्हा करायला लावलं. पुन्हा. तू प्रत्येक वेळी तसंच केलंस आणि हसलीस. दाजी कडब्याला टेकून हरभरा सोलून राहिले होते. म्हणाले, "आमच्या घरी येऊन हुशार झाली म्हणायची." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं.

त्याच्यानंतरचं पुढं लिहिते. आधी इथलं सांगते.

इथं लोह्याच्या शाळेत पुनम मॅडम आहेत, गणित शिकवतात. कडक इस्त्रीची साडी, मुली त्यांना टरकून असतात. सोमवारी मुलींनीच त्यांना पुढं ढकललं, "मॅडम, तुम्ही पण, तुम्ही पण." त्या आल्या. मी हळू हात फिरवला, आणि तेच. खांदा वर, हनुवटी आत, मान वळलेली. अगदी तुझ्यासारखी. मुलींनी टाळ्या पिटल्या. मी येड्यासारखी विचारलं, "मॅडम, कुठं शिकलात?"

पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "आमचे कोच घरातच होते. सोडून आले."

मुलींना कळलं नाही, त्या हसल्या. मला कळलं. मला शेत दिसलं, कडबा दिसला, तू दिसलीस. तास कसा संपवला आठवत नाही. ज्या पोरीनं आठवडाभर सराव करून घ्यायचा तिनं एवढं ओळखू नये? मी नुसती मान बघितली अक्का. मान अशी कशानं झाली ते बघितलंच नाही.

संध्याकाळी अव्वाला फोन केला. आडून विचारणार होते, सरळच विचारलं, "दाजी अक्काला मारतात का?"

"मारत्यात कुठं गं?" अव्वा म्हणाली. "रागात कधी एखादी चापट देत असतील. मूठ घेतली का लाकूड घेतलं त्यांनी? तुझ्या अप्पांनी काय कमी..." आणि तिथंच तिनं विषय बदलला. मग म्हणाली, "तिचा कान धरलाय थंडीनं. तेल घाल म्हटलं मी."

म्हणजे आपल्या घरातही चापटीला गुण नाही. वळ उठत नाही, रक्त येत नाही, कुणी मधे पडून ताकीदही देत नाही.

कान म्हणाली आणि मी फोन ठेवला. आता येळवशीचं उरलेलं लिहिते. तुला ते माहीत आहे, तू तिथंच भांडी आवरत होतीस. पण मी माझ्या हातानं लिहायला पाहिजे.

सगळे पांगल्यावर दाजी म्हणाले, "शिवानी, आम्हाला पण शिकव की एखादं." मला बरं वाटलं. घरात माझ्या कामाची चौकशी कुणी करतं का? अप्पा तर "ते तुझं हाणामारीचं" म्हणतात. मी दाजींचा हात हातात घेतला. बोटं जुळवून दिली, पंजाची वाटी करून दिली. म्हटलं, "अशी वाटी कानावर बसली ना दाजी, की आतली हवा दाबली जाते. पडदा फाटतो. बाहेर काही दिसत नाही." ते म्हणाले, "असं का?" चुकीच्या कोनात धरत होते, मी मनगट नीट करून दिलं. दोनदा. मुलींना हे शिकवताना मी आधी बजावते, जिवावर बेतल्याशिवाय करायचं नाही. त्यांना ते म्हटलं का? नाही म्हटलं. ते घरचे होते.

तुला कोणत्या दिवशी लागलं मला माहीत नाही. संक्रांतीनंतर तुझा फोन येणं बंद झालं एवढं माहीत आहे. कदाचित खरंच थंडी असेल. तसं असेल तर ह्या सगळ्या पत्राला येडं म्हण, मला लई आनंद होईल. पण तेल घालू नको अक्का. पडदा फाटला असला तर तेलानं आणखी चिघळतं. अव्वाला काही सांगू नको, नुसतं घालू नको. पाणी पण जाऊ देऊ नको.

तुला उलटा वार शिकवायला मी हे लिहीत नाही. ते मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. दोन रात्री तेच डोक्यात होतं, तळहात हनुवटीखाली, एकदाच. पण मी शिकवते ते सगळं रस्त्यावरचं आहे. मारायचं आणि पळायचं. पळून जायची जागा मी कुणालाच कधी सांगितली नाही, मला वाटायचं ते ज्याचं त्याला माहीत असतं. तुला कुठं जायचं होतं? अव्वाकडं? माझ्याकडं? मी तर ह्या गावातून त्या गावात.

पुनम मॅडमना सगळं सांगितलं. त्यांच्या घराची मागची खोली रिकामी आहे, ती मी घेतली. पुढच्या शाळेला नाही म्हणून कळवलं. इथल्याच शाळेत रोजचा तास देतो म्हणालेत हेडमास्तर, पगार थोडा आहे, पण मुक्काम एकाच जागी. लातूरला कानाच्या डॉक्टरांना आधी दाखवू. कानाला काय झालं ते त्यांनी कागदावर लिहून दिलं, की मग पुढचं काय करायचं ते तू ठरव. तक्रार द्यायची का, परत जायचं का, सगळं तू. मी मधे बोलणार नाही. बोलले तर तू गप्प कर.

रविवारी सकाळी अहमदपूरवरून येते. दाजी विचारतील, कशाला आलीस. मी म्हणेन, अक्काला न्यायला. त्याच्या पुढचं पाठ केलेलं नाही. पुनम मॅडम सोबत येतात म्हणाल्या, मी नको म्हटलं नाही. तू यायचं नाही म्हणालीस तर भांडणार नाही, पण बस सुटेपर्यंत तुझ्या ओट्यावर बसेन, आणि पुढच्या रविवारी परत येईन.

माफ कर म्हणायला हात धजत नाही. ते तुझ्यासमोर म्हणेन. आत्ता एकच कर, कोणता कान दुखतोय ते मावशीजवळ सांगून ठेव. बसमध्ये मी त्याच्या दुसऱ्या बाजूला बसेन, म्हणजे तुला माझं बोलणं ऐकू येईल.

तुझीच धाकटी,
शिवानी