मी औषध नाही

१४ एप्रिल, मंगळवार

सापडलं! माहेराहून आणलेल्या माझ्याच रजयांच्या चवडीत — सुई, काळा पडलेला चमचा, कागदाची पुडी. लग्नाला अजून चाळीस दिवस झाले नाहीत!

सासूबाई तंदूरला नान लावत होत्या. चमचा समोर धरला. हातसुद्धा थांबला नाही त्यांचा. "ओरडू नकोस, शेजारी ऐकतील. आम्हाला वाटलं, बायको आली की सुटेल त्याची नशा."

म्हणजे मी औषध? तेवीस वर्षं वाढवून बाबांनी या घरात औषध पाठवलं?

१५ एप्रिल

शेजारी ऐकतील म्हणे! शेजारच्या सदबर्ग मावशींना कधीचं माहीत आहे. बाबा चौकशीला आले, तेव्हा याच बाईनं "दिलोवर? सोन्यासारखा मुलगा!" म्हणत त्यांना चहा पाजला होता. आज जाब विचारला. तर म्हणतात, "कुणाचं जुळतंय ते मोडायचं पाप मी कशाला घेऊ?"

आणि माझं वाटोळं झालं, ते पुण्य?

१८ एप्रिल

दिलोवर शेवटी बोलला. सीमेवर शिपाई होता तेव्हा दाढ दुखायची. सोबत्यानं हेरॉईन दिली — "ओढून बघ, थांबेल." इतकंच. आज तिशीचा माणूस चहाचा पेला दोन हातांनी धरतो, तरी सांडतो. दंडावर सुई टोचायला जागा उरलेली नाही.

"लग्न करू का म्हणून मला कुणी विचारलंच नाही, बनफ्शा."

"तुला तोंड नव्हतं?" — केवढ्यानं ओरडले! तो रडला. मला दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

२० एप्रिल

सासूबाईंनी ताईत आणला. तंदूरमध्ये टाकला मी.

२३ एप्रिल

त्याला दवाखान्यात नेलं. सासूबाई दारात आडव्या! "तिथं नाव लागलं तर माझ्या धाकटीला कोण करून घेईल?" धाकटीची काळजी आहे. मी कोण?

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सुई एकट्याचीच असायची?" त्यानं नकारार्थी मान हलवली. मग रक्त दोघांचंही घेतलं.

४ मे, सोमवार

माझ्या रक्तात काही नाही. त्याच्यात एड्सचा विषाणू आहे.

परतताना वाटेत म्हणाला, "जाशील आता?" घरी येऊन बोचकं बांधलं.

८ मे

कालच माहेरी आले. आईच्या मांडीत डोकं घालून रडले. आईनं सासूबाईंना असे तळतळाट दिले, की मलाच बरं वाटलं.

आज नाश्त्याला नान मोडता मोडता म्हणाली, "तुझ्या भावाचं जमतंय बरं का. वोसे गावची मुलगी आहे, निगोरा. ती माणसं आली तर शेरालीबद्दल चांगलंच सांग. रशियात कामाला होता तेव्हा जरा वाईट नाद लागला होता त्याला. आता कमी केलंय."

"काय कमी केलंय, आई?"

"अंगावर जबाबदारी पडली की पुरुष सुधारतो," म्हणाली. माझ्याकडे न बघता!

९ मे

वोसेला जाऊन आले. निगोरानंच चहा आणून ठेवला — एकोणीस वर्षांची पोर. तिच्यादेखतच सगळं सांगितलं.

तिची आई उसळली, "चांगल्या मुलाला बदनाम करतेस? तू कोण गं?"

"त्याची सख्खी बहीण."