पाहुण्यांसाठी भरती

यम्मा, माझे आई, आधी तुझे दोन्ही हात कपाळाला लावतो.

तुझा हमाद बरा आहे. जेवण वेळेवर होतं, फक्त पाय बोलायला लागलेत. फोटो काढणाऱ्या पाहुण्यांची उन्हाळी सहल आखायची म्हणून बारा दिवस मिरलेफ्तपासून इफ्नीपर्यंतचे समुद्रकाठचे खडक तुडवतोय. निम्मे दिवस धुक्यात काहीच दिसलं नाही, तरी कागदावर 'सूर्योदय' लिहून मोकळा झालो.

तुझा गुडघा कसा आहे? मलम लावतेस, की डबी तशीच पडली आहे?

एक गोष्ट सांगतो, चिडू नकोस. आमच्या सहल कंपनीचा मालक म्हणाला, "नुसते खडक कोण बघतं रे? शिंपले काढणाऱ्या बायका हव्यात फोटोत. तुझ्या गावात असतीलच की!"

मी म्हटलं, "असतात." त्यातली एक तू आहेस, कमरेपर्यंत भिजलेली, हे काही सांगवलं नाही. भांडायचंही त्राण नव्हतं.

मग भरती मोजत बसलो, चंद्रावरून तू शिकवलीस तशी. आपल्या गावासाठी जुलैतला दुसरा मंगळवार मुद्दाम धरला आहे. त्या सकाळी पूर्ण भरती असेल. खडक पाण्याखाली असतील आणि तुम्ही सगळ्या घरी चहा पीत असाल. मालकाला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

पाहुण्यांना सोडून मला वर घरी यायला जमणार नाही. गच्चीवर तुझी निळी चादर वाळत घाल, म्हणजे तू घरात आहेस हे मला खालून कळेल. त्यांनी चादरीचा फोटो काढला, तर काढू दे.

तुझाच,
हमाद