दादाची खोड

बडोदे, १४ जुलै १९९८

दादा गेल्यावर आज पहिल्यांदाच लायब्ररीत गेले. त्याला आवडायची तसली, प्रेतं पडत असतानाही हसवणारी वेगवान रहस्यकथा हवी होती. मिळाली. पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'खुनी स्वयंपाकी. पण वरण फक्कड करतो.' दादाचंच अक्षर! माझ्या आधी वाचून खुन्याचं नाव फोडायचं, ही त्याची खोड. किती भांडायचे मी त्यावरून! आज ते वरण वाचून हसले, आणि मग रडूच फुटलं. काउंटरवरचे गुजराती काका घाबरले. "बेन, कुणीतरी पुस्तक बगाडलंय ना? द्या इकडे." मी नको म्हणेपर्यंत त्यांनी खोडरबर फिरवलं, वर फुंकरही मारली. मी थँक्यू का म्हणाले? घरी येऊन पान दिव्यासमोर धरलं. वरणसुद्धा दिसत नाही. गेली रे दादा, तुझी खोड.