कानाचं मशीन आणि मंझूळ माणसं

ती. ताईस,

लांबूनच वाकून नमस्कार. (जवळ असतीस तर वाकलेल्या पाठीत धपाटा बसला असता, पत्राला इतका उशीर केला म्हणून.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावोजी मजेत ना? इकडे सगळं ठीक. बाबांचंही छान आहे, पण तिथवर पोचायला आम्हाला जो वळसा पडला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाबांना ऐकू येईनासं झालं होतं, हे तुला फोनवर कळलंच होतं. ही विचारायची, “चहा ठेवू का?” तर म्हणायचे, “ठेव, पण बाहेर नको, भिजेल.” सुरुवातीला आम्ही हसलो. मग ते जेवताना बोलेनासेच झाले. सगळ्यांच्या तोंडांकडे बघून नुसते हसायचे. ते मला बघवेना. म्हणून मी ऑनलाइन कानाचं मशीन मागवलं. शेकडो लोकांनी पाच-पाच स्टार दिले होते. एका बाईंच्या सासऱ्यांना तर शेजारच्या इमारतीतलं भांडण ऐकू येऊ लागलं होतं. (म्हटलं, एवढं नको, आपलं घरातलं आलं तरी पुरे.) मशीन कानात बसवलं, तर त्याने अशी शिट्टी मारली की ही गॅस बंद करायला धावली. शिट्टी थांबली तेव्हा बाबांना फक्त फ्रिज ऐकू येत होता.

मी चिडून ते खोक्यात कोंबत होतो. बाबांनी खुणेनेच विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून घेतलंस? मी सगळे अभिप्राय टॅब्लेटवर उघडून दिले. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. चष्मा लावून बसला तो उठेचना. बऱ्याच वेळाने हाक आली. “अरे, यातल्या निम्म्या लोकांनी ‘मंजूळ’ शब्द चुकवलाय. सगळ्यांनी ‘ज’चा ‘झ’ केलाय.” मी ओरडून विचारलं, त्यात काय झालं? “चुका ज्याच्या त्याच्या असतात रे. एवढ्या माणसांची एकच चूक म्हणजे माणूसच एक.”

झालं! आम्हा दोघांना नादच लागला. एकेका नावावर बोट ठेवायचं आणि त्याने आणखी काय काय वाखाणलंय ते बघायचं. एका गृहस्थांनी एकाच दुपारी हे मशीन, दाढीचं यंत्र, बाळाची दुधाची बाटली आणि गरोदरपणातला पट्टा स्वतः वापरून उत्तम असल्याचं लिहिलं होतं. (बाबांना त्यांच्या तब्येतीची फार काळजी वाटली.) कुणी दोन वर्षं वापरतोय म्हणे, आणि मशीन बाजारात आलं गेल्या महिन्यात. एकाने अगदी तळाशी कबूल केलं होतं की त्याला ते कंपनीकडून फुकट मिळालंय. “हा त्यातल्या त्यात सज्जन,” बाबा म्हणाले. किती महिन्यांनी ते आपणहून बोलत होते, ताई!

शेवटी तीन स्टारवाल्या एक बाई सापडल्या. मजकूर लांबलचक: खोकं फाटकं आलं, बॅटरीचं झाकण नखं वाढवल्याशिवाय उघडत नाही, टीव्ही बरा ऐकू येतो पण माणसं नाही, आणि आधी आईचा कान डॉक्टरांना दाखवायला हवा होता, ते मागाहून सुचलं. “ही बाई खरी,” बाबा म्हणाले. “किती कंटाळवाणं लिहिलंय बघ.”

मग आम्हालाही सुचलं. डॉक्टरांनी आत डोकावून नुसतं ‘हं’ केलं आणि दोन्ही कानांतून मळाचे असे बोळे काढले की मी तोंड फिरवलं. बाहेर येऊन बाबा फुटपाथवर थबकले. चक्कर येतेय का, मी विचारलं. “नाही रे. माझ्या चपला वाजतायत.” घरापर्यंत ते मुद्दाम पाय घासत चालले. मीही घासत चाललो.

गुडघ्याला जप, आणि राग ओसरला असेल तर दोन ओळी लिही.

तुझा धाकटा

ता. क. : मशीनला मी एकच स्टार दिला. कंपनीचा फोन आला, पाच केलेत तर वाफेची इस्त्री भेट. मी बाणेदारपणे नकार दिला. इस्त्री काल आली. हिने परस्पर होकार कळवला होता. शर्टाची घडी मात्र झकास पडते.

आणखी एक ता. क. : खरं तर पत्र याच्यासाठीच. बाबांना ऐकू येत नव्हतं तेव्हा त्यांच्यासमोर वाटेल ते बोलायची आम्हाला सवय लागली, ती अजून गेलेली नाही. परवा ही त्यांच्या घोरण्याबद्दल सविस्तर बोलली, मी दुजोरा दिला, आणि बाबांनी शांतपणे बॅग भरायला घेतली. शनिवारी तुझ्याकडे पोचतील, दोन-तीन महिन्यांसाठी. तुम्हा दोघांना त्यांच्याबद्दल जे काही बोलायचं असेल, ते शुक्रवारपर्यंत बोलून घ्या.