सात नंबर न्यायचा की नाही

१० जाने., शनि.
शामूकाका, आमच्या गोल्फ मैदानावर पिशव्या वाहणारे सगळ्यात जुने कॅडी, सांगून गेले की निवड चाचणीत पिशवीत सातच क्लब, जास्त काठ्या चालणार नाहीत. लगेच काढूनही दिले: ड्रायव्हर, वूड, पाच, सात, नऊ, सँड वेज, आणि छिद्रात ढकलायला पटर. इथं सगळे विषम आकडेच नेतात. पाच मुलींतून एक, तिला पुण्यात कोचचं प्रशिक्षण. परत आले की मैदानामागच्या वस्तीतल्या पोरींना शिकवायचं, फुकट. हे अजून कुणाला बोलले नाही.

११, रवि.
सकाळी मोजणी. प्रत्येक क्लबने दहा चेंडू, पडले तिथवरचं अंतर, सरासरी. आठ नंबर १०८ यार्ड. सात १२०. सहा १२१! आकडा लहान तर अंतर आठ-दहा यार्ड तरी वाढायला हवं. पुन्हा मारले, तेच. म्हणजे माझाच झोका चुकतोय. सातच दिवस राहिले.
आई: "पदवी घिऊन चेंडू मोजत बसलीस व्हय गं?"

१२, सोम.
बाबांची सुट्टी. शिरोलीत फाउंड्रीत साचे भरतात, गोल्फ कधी पाहिलेला नाही. सहा आणि सात मागून घेतले, किल्लीने वाजवून ऐकले, मग कोनमापक लावला.
"ही दोघं एका घरची न्हाईत. सातचं तोंड उभं हाय, सहासारखं. आकडा छापणारा येगळा, वतणारा येगळा."
दोघांत एकाच अंशाचा फरक, हवा होता तीन-चारचा. जुना, गोळा करून जुळवलेला सेट, आणि मी आकड्यावर विश्वास ठेवला. झोका बरोबर होता. पण बाबांचा तो कान! इतकी वर्षं घरात होता, आणि मी...

१४, बुध.
नंबर खोडून नुसती अंतरं मांडली. ५८, ८२, १०८, १३३, १५७, १८२. सँड वेज, पिचिंग वेज, आठ, पाच, वूड, ड्रायव्हर. दर पायरीला चोवीस ते सव्वीस. पटर धरून सात. माझ्याच हातात एवढा नीट जिना होता. कितीतरी वेळ बघत बसले.
पण सात नंबर त्यात बसत नाही. माझा पहिला चेंडू हवेत गेला तो त्यानेच.
शामूकाका भडकले. "सात सोडून जातीस? मग चपला पण घरी ठेव की."

१८, रवि., संध्या.
निवड चाचणी, नऊ होल. जिना खरा ठरला. सहाव्याला झेंडा १५७ वर. वूड. चेंडू एवढा वर गेला की मीच विसरले तो मी मारलाय. झेंड्यापासून हातभर! दोरीपलीकडे बाबा टोपी काढून उभे.
पण चौथ्याला झेंडा १२० वर. बरोबर सातचं अंतर. पाच नंबर आखूड धरून मारला, वाळूत गेला.
शेवटी मी आणि कुरुंदवाडची एक, सारख्याच फटक्यांवर. उद्या सकाळी पुन्हा तीन होल: चौथा, पाचवा, सहावा. झेंडे तिथेच. पिशवी बदलायची मुभा आहे.
सात घेतला तर एक पायरी काढावी लागणार. कोणती?
शामूकाकांचा फोन येऊन गेला. चक्क काही सुचवलं नाही. बाबा म्हणाले, "तुझं तू ठरीव. मला उद्या सुट्टीच हाय."
अंगणात आठही क्लब ओळीने मांडलेत. सातच न्यायचे.